वयात येणारी मुले आणि त्यांचे सोबती

आपल्या न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी आरोग्य समितीने एक लेख द्यावा, असे विश्वस्त मंडळाने सुचविले, तेव्हा मधुमेह, नेत्रदान, वृद्धांची शुश्रूषा असे अनेक विषय आमच्यासमोर आले. हे सर्वच विषय महत्त्वाचे आहेत आणि त्यांवर आपल्या वार्षिक अहवालांतून वेळोवेळी लिहिलेही गेले आहे. परंतु गेल्या पन्नास वर्षांचे अहवाल चाळून पाहिले असता एका विषयावर त्यांत एक ओळही आढळली नाही. वयात येणाऱ्या मुलामुलींचे लैंगिक आरोग्य हा तो विषय होय. तोच घेण्याचे आम्ही ठरविले. त्यातही एका अंगाकडे वाचकांचे लक्ष वेधावे असे योजिले. ही मुले या बाबतीत एकमेकांशी काय बोलतात, त्या बोलण्याने त्यांचे हित किती व अहित किती होते, आणि वडीलधाऱ्यांनी त्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, हा या लेखाचा हेतू आहे.

स्मरणिका घरातील लहानथोर सर्वांच्या हाती पडते. तीत असा विषय पाहून काही वाचकांस संकोच वाटेल, हे आम्ही जाणतो. आम्हांलाही तो वाटला. परंतु हा लेख लिहिण्यास एक घटना कारण झाली. ती पुढे ओघात सांगू. ती वाचल्यावर संकोच बाजूस सारण्याचे आमचे कारण वाचकांस पटेल, अशी आशा आहे.

हे ज्ञान मुले कोठून मिळवितात?

आपणांस या विषयाची पहिली माहिती कोणी दिली, असा प्रश्न प्रत्येकाने स्वतःच्या मनाशी करून पाहावा. समितीतील आम्ही सात जणांनी तो एकमेकांस विचारला. एका भगिनीस तिच्या आईने पाळीविषयी दोन वाक्ये सांगितली होती आणि ती दोन्ही कशास शिवू नये यासंबंधी होती. उरलेल्या सहा जणांचे गुरू म्हणजे वर्गातला वर्ष-दोन वर्षांनी मोठा मुलगा, शेजारची मैत्रीण किंवा नुकतेच लग्न झालेली आतेबहीण. म्हणजे ज्या विषयावर पुढील सर्व आयुष्याचे आरोग्य व सुख पुष्कळ अंशी अवलंबून, त्याची दीक्षा आम्हां बहुतेकांना अशाकडून मिळाली की ज्याला स्वतःलाच त्यातले फारसे कळत नव्हते.

ही गोष्ट आजची नाही. आपल्या जुन्या चालीरीतींत समवयस्कांच्या अशा बोलण्याला जागा ठेवलेलीच होती. श्रावणात मंगळागौरीच्या जागरणाला नवविवाहिता जमत, त्या रात्री खेळांच्या मध्ये जे हितगुज चाले ते सासूसमोर कधीच निघाले नसते. आश्विनात भोंडल्याच्या फेरानंतर खिरापत खाताना थोरल्या मुली धाकट्यांना हळूच चार गोष्टी सांगत. पाळीला 'कावळा शिवला' म्हणण्याची रीत मुलींना आईकडून मिळे. त्या कावळ्याचा अर्थ मात्र मैत्रिणीच सांगत. मुलग्यांसाठी तालीम होती, नदीचा घाट होता, देवळाचा पार होता.

परंतु त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तेव्हा वयात येणे आणि विवाह यांमध्ये फारसा अवधीच नसे. आपल्या बडोदे संस्थानात श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०४ साली बालविवाहाला प्रतिबंध करणारा कायदा केला, तेव्हा मुलीसाठी बारा व मुलासाठी सोळा ही मर्यादा घालणेसुद्धा मोठे धाडस ठरले. आज २००६ च्या कायद्याप्रमाणे मुलीसाठी अठरा व मुलासाठी एकवीस ही वये आहेत, आणि आपल्या बहुतेक घरांत लग्ने त्याहूनही पुष्कळ उशिरा होतात. हे चांगलेच झाले. पण याचा एक परिणाम आपल्या ध्यानात येत नाही. शरीर बारा-तेराव्या वर्षी जागे होते आणि संसार पंचविशीनंतर सुरू होतो. मधली ही दहा-बारा वर्षे मुले शाळेत, महाविद्यालयात, वसतिगृहात, म्हणजे आईबापांपेक्षा सोबत्यांच्याच सहवासात अधिक काढतात. शिवाय एकत्र कुटुंब गेल्यामुळे चुलत-आते बहिणी दूर गेल्या, आणि त्यांची जागा हातातल्या मोबाईलने घेतली.

सोबत्याचा शब्द खरा का वाटतो?

घरचा शब्द आणि मित्राचा शब्द यांत मुलाला मित्राचा शब्द खरा वाटतो, याचा आईबापांस राग येतो. तो यावयास नको, कारण त्यामागे समजण्यासारखी कारणे आहेत.

पहिले कारण असे की, मित्राला प्रश्न विचारला म्हणून शिक्षा होत नाही. आईला विचारले तर 'हे तुला कोणी शिकविले?' हा उलट प्रश्न येतो आणि मूळ प्रश्न तसाच राहतो. दुसरे कारण भाषेचे. या अवयवांची व क्रियांची नावे आपल्या घरांत कोणी उच्चारीत नाही. पुस्तकी शब्द मुलांना परके वाटतात आणि रस्त्यावरचे शब्द शिव्या असतात. मित्रांत मात्र त्यांची एक बोली तयार झालेली असते. तिसरे कारण वयाचे. या वयात आपण आपल्या मंडळींत सामावलो आहोत ना, ही चिंता मुलाला सर्वांत मोठी असते. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांना, अठरा ते बावीस वर्षांच्या तरुणांना आणि त्याहून मोठ्यांना पडद्यावर मोटार चालविण्याचा खेळ दिला होता. समवयस्क मित्र जवळ उभे असताना मुलांनी व तरुणांनी एकट्याने खेळतानापेक्षा अधिक धोका पत्करला. प्रौढांवर मात्र मित्रांच्या उपस्थितीचा तसा परिणाम दिसला नाही. जे मोटारीच्या खेळात घडले ते व्यसनात व शरीरसंबंधात घडणार नाही, असे कसे म्हणावे?

याहून सूक्ष्म अशी आणखी एक गोष्ट आहे. दहा मुलांच्या घोळक्यात दोघे बढाया मारतात आणि आठ गप्प बसतात. गप्प बसणाऱ्या प्रत्येकाला वाटते की, आपण एकटेच मागे आहोत, बाकी सर्वांनी सर्व काही अनुभवले आहे. पुष्कळदा त्या दोघांनीही काही अनुभवलेले नसते. 'सगळेच करतात' हे वाक्य अशा रीतीने जन्मास येते, आणि अनेक मुले न आवडणारी गोष्ट केवळ त्या वाक्याच्या दडपणाखाली करतात. घोळक्यातल्या एकाने जरी 'मी नाही बुवा केले, आणि मला त्याची लाज वाटत नाही' असे म्हटले, तर उरलेल्या सातांच्या छातीवरचा दगड उतरतो. समवयस्काच्या बोलण्यात घात करण्याची जी शक्ती आहे, तीच तारण्याचीही आहे.

खोटे कोणते आणि खरे कोणते?

मुलांच्या बोलण्यातून जे गैरसमज पिढ्यान्‌पिढ्या फिरत आले आहेत, त्यांतील मुख्य येथे देतो. घरातील मुलांना हा भाग वाचावयास द्यावा, अशी आमची विनंती आहे.

मुलग्यांमध्ये सर्वांत मोठी भीती वीर्यनाशाची असते. रक्ताच्या अमुक इतक्या थेंबांपासून वीर्याचा एक थेंब होतो, हे म्हणणे निराधार आहे. वीर्य शरीरात सतत तयार होत असते. झोपेत ते बाहेर पडणे ही वयात येण्याची साधी खूण आहे, 'दोष' नव्हे. हस्तमैथुनाने अशक्तपणा येतो, दृष्टी जाते किंवा पुढे मूल होत नाही, हेही खरे नाही. ही भीती आपल्या देशात इतकी खोल रुजली आहे की, तिच्यामुळे खंगत जाणारे अनेक तरुण पाहून डॉ. नरेंद्रनाथ विग या मानसरोगतज्ज्ञांनी १९६० साली त्या विकाराला 'धात' या नावानेच वैद्यकीय ग्रंथांत जागा दिली. आजार वीर्य जाण्याचा नसतो, ते गेल्याच्या धास्तीचा असतो. पूर्वी स्टेशनाजवळच्या भिंतींवर रंगविलेल्या जाहिराती या धास्तीवर पोट भरीत. आता त्याच जाहिराती मोबाईलवर येतात.

मुलींमध्ये पहिली पाळी साधारणपणे दहा ते पंधरा या वयात येते. पहिली दोन-तीन वर्षे ती मागेपुढे होणे यात काळजीचे कारण नसते. मात्र पंधरा वर्षे पूर्ण होऊनही ती आली नाही, सात दिवसांहून अधिक स्राव राहिला, किंवा दुखण्यामुळे दर महिन्यास शाळा बुडू लागली, तर डॉक्टरांस दाखवावे. 'बाईच्या जातीला हे सोसावेच लागते' असे म्हणून बसू नये. पाळीच्या दिवसांत शिवल्याने लोणचे नासत नाही आणि तुळस सुकत नाही. ते रक्त अशुद्ध नसते. उलट या दिवसांत मुलीला पोटभर व सकस जेवण हवे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणीस वयाच्या ५९.१ टक्के मुलींत आणि ३१.१ टक्के मुलग्यांत रक्त कमी असल्याचे आढळले. दहांपैकी सहा मुली! हे आकडे सुखवस्तू घरांनीही मनावर घ्यावेत.

मुलगे व मुली दोघांतही प्रचलित असा एक घातक समज म्हणजे 'पहिल्या वेळी दिवस जात नाहीत' हा होय. जातात. तसेच समोरचा माणूस निरोगी दिसतो म्हणून त्याला गुप्तरोग वा एचआयव्ही नसेलच, असे नाही. वर्षानुवर्षे काही लक्षण न दिसता हा संसर्ग शरीरात राहू शकतो. मोबाईलवर जे अश्लील चित्रपट मुले पाहतात ते नटनट्यांनी पैसे घेऊन केलेले काम असते. त्यावरून आपल्या शरीराचे, बळाचे किंवा स्त्रीच्या इच्छेचे माप काढणे म्हणजे कुस्तीच्या चित्रपटावरून कुस्ती शिकण्यासारखे आहे. स्वतःचे उघडे छायाचित्र कोणास पाठविले की ते परत येत नाही. अठरा वर्षांखालील मुलाचे वा मुलीचे असे छायाचित्र काढणे, पुढे पाठविणे हा गंभीर गुन्हा आहे. ते नुसते जवळ बाळगणेही गुन्हा ठरू शकते, हे २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. असे छायाचित्र दाखवून कोणी पैसे मागू लागल्यास पैसे न देता १९३० या क्रमांकावर तक्रार करावी आणि घरी सांगावे.

काही मुलांना आपल्याच लिंगाच्या व्यक्तीचे आकर्षण वाटते. हा आजार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच ते रोगांच्या यादीतून काढले, आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील अशा संमतीच्या संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का पुसला. अशा मुलाला वर्गात चिडविले जाते तेव्हा त्याचे जगणे कठीण होते. आणि त्याच्या बाजूला एक जरी मित्र उभा राहिला तर तेच जगणे पुष्कळ सुसह्य होते.

मौनाचे मोल

वडीलधाऱ्यांच्या मौनाने काय होते, याचा दाखला फार दूर शोधावा लागत नाही. डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांमध्ये ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतील ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्यासाठी पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या आठ टक्के होत्या. रोग अंगावर काढण्याची ही सवय लग्नानंतर लागत नाही. 'याविषयी बोलायचे नसते' हे तेराव्या वर्षी शिकविले जाते तेथे तिची सुरुवात होते. डॉ. राणीताईंनी पुढे तरुणांसाठी 'तारुण्यभान' ही शिबिरे सुरू केली, त्यांत मुले आपले प्रश्न मोकळेपणाने विचारतात.

या मार्गावर आपल्या भाषेत एक थोर पुरुष फार पूर्वी चालून गेला. महर्षी कर्वे यांचे ज्येष्ठ पुत्र प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालविले. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. तरीही कर्व्यांना दंड झाला. जे प्रश्न घरात विचारता आले असते तर मासिकाला पत्र लिहावे लागले नसते, त्या प्रश्नांना उत्तर दिल्याचा तो दंड होता. पुढे २००७ साली शाळांतून किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम येऊ घातला, तेव्हा महाराष्ट्र, मध्य प्रदेश, कर्नाटक यांसह अनेक राज्यांत त्याला विरोध होऊन तो थांबविण्यात आला. अशा शिक्षणाने मुले बिघडतील, ही त्यामागची भीती. परंतु देशोदेशींच्या अभ्यासांवर आधारलेले युनेस्कोचे मार्गदर्शन, जे २००९ साली निघाले व २०१८ साली सुधारून पुन्हा काढले गेले, ते सांगते की, अशा शिक्षणामुळे मुले शरीरसंबंधाकडे लवकर वळत नाहीत.

ओघ अडवावा की वळवावा?

मुलांचे आपसांतील बोलणे बंद करणे कोणास शक्य नाही. ओढ्याला बांध घातला तर तो दुसरीकडून फुटतो. पण त्याला पाट काढून दिला तर शेत भिजते. याच विचाराने केंद्र सरकारने जानेवारी २०१४ मध्ये 'राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम' सुरू केला. दहा ते एकोणीस वयाच्या मुलांसाठी असलेल्या या योजनेत गावोगाव त्याच वयाचे काही मुलगे व मुली निवडून, त्यांना शिकवून 'साथिया' म्हणून तयार करतात. प्रत्येकाने आपल्या पंधरा-वीस सोबत्यांचा गट जमवून आहार, शरीरातील बदल, व्यसन, हिंसा, मनाचे आरोग्य यांविषयी गप्पागोष्टींच्या रूपाने बोलावे, आणि ज्याला गरज असेल त्याला किशोरवयीनांसाठीच्या दवाखान्यापर्यंत पोहोचवावे, अशी ती कल्पना आहे. २०११ च्या जनगणनेनुसार या वयोगटात आपल्या देशात सुमारे पंचवीस कोटी मुले होती. तेवढ्या मुलांना पुरतील इतके डॉक्टर कोठून आणणार? सोबती मात्र प्रत्येकाजवळ आहे.

अशा प्रयत्नांचे फळ काय, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. गोव्यातील 'संगत' या संस्थेने सोळा ते चोवीस वयाच्या तरुणांसाठी सोबत्यांमार्फत शिक्षण, शिक्षकांचे प्रशिक्षण व माहितीपत्रके असा एकत्रित उपक्रम एका खेड्यात व एका शहरी वस्तीत केला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या वृत्तान्तात तरुणांचे ज्ञान वाढल्याचे व हाणामारी कमी झाल्याचे नमूद आहे. इंग्लंडमध्ये २७ शाळांत सोळा-सतरा वर्षांच्या विद्यार्थ्यांनी तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना हे शिक्षण दिले. मुलांना ते शिक्षकांच्या तासांपेक्षा अधिक आवडले, आणि सोळाव्या वर्षाआधी शरीरसंबंध आल्याचे सांगणाऱ्या मुलींचे प्रमाण थोडे कमी झाले, असे २००४ साली दिसले. परंतु २००८ साली पुन्हा पाहणी केली, तेव्हा विसाव्या वर्षापर्यंत झालेल्या गर्भपातांच्या प्रमाणात फरक आढळला नाही. बिहारमध्ये ७४ शाळांत झालेल्या व २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात शाळेतील वातावरण, दांडगाई व मुलांची उदासीनता यांत चांगली सुधारणा झाली. पण ती जेथे वेगळा नेमलेला समुपदेशक होता तेथेच झाली, तेच काम शिक्षकावर सोपविले तेथे झाली नाही.

या सर्वांतून आम्ही काढलेला निष्कर्ष असा की, सोबती हा दार उघडणारा आहे. त्याने माहिती द्यावी, धीर द्यावा, सोबत चालावे. परंतु दारापलीकडे जाणता माणूस बसलेला असला पाहिजे. तो नसेल तर आपण एका मुलाच्या खांद्यावरचे ओझे काढून दुसऱ्या मुलाच्या खांद्यावर ठेवतो, एवढेच होते. ते ओझे किती जड असते, हे आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिले.

एक शपथ

आता सुरुवातीस सांगितलेली घटना. दोन्ही घरांच्या संमतीने व ओळख पटणार नाही इतका तपशील बदलून ती देत आहोत.

आपल्या परिवारातील आठवीत शिकणाऱ्या दोन मैत्रिणी. नवरात्रात गरब्याला दोघी बरोबर जात. एका रात्री परतताना एकीने दुसरीला सांगितले की, घरी नेहमी येणारे एक नातेवाईक कोणी जवळ नसताना तिच्या अंगाशी नको ते करतात. सांगण्याआधी तिने मैत्रिणीकडून आईची शपथ घेतली होती की, हे कोणास म्हणून सांगायचे नाही. मैत्रिणीने शपथ पाळली. दिलेला शब्द मोडू नये, हे आपणच तिला शिकविले होते. ती अकरा महिने गप्प राहिली. या काळात तिचे जेवण तुटले, झोप गेली, परीक्षेत गुण घसरले. आईने तिला आमच्या समितीतील डॉक्टर भगिनीकडे आणले ते अंगात रक्त कमी झाले म्हणून. तीन भेटींनंतर एके दिवशी तिने विचारले, 'डॉक्टरमावशी, शपथ मोडली तर आईला खरंच काही होतं का?'

त्या प्रश्नापासून सर्व उलगडले. दुसऱ्या मुलीला मदत मिळाली, कायद्याप्रमाणे तक्रार झाली, आणि आज ती शाळेत जाते. परंतु शपथ पाळणारी मुलगी अजून म्हणते की, मी आधी सांगितले असते तर अकरा महिने वाचले असते. तिचा यात काहीही दोष नाही. दोष असेल तर आमचा, की 'कोणते गुपित पाळायचे आणि कोणते पाळायचे नाही' हे तिला कोणी कधीच सांगितले नव्हते.

म्हणून येथे स्पष्ट सांगतो. मैत्रिणीला कोण आवडतो, तिची पाळी कधी आली, मित्र रात्री कशाला घाबरतो, ही गुपिते जिवापाड जपावीत. त्यांची चेष्टा करणे हा मैत्रीचा द्रोह आहे. पण कोणी मोठे माणूस शरीराशी खेळत असेल, कोणी धमकावीत असेल, किंवा मित्र जीव देण्याची भाषा करीत असेल, तर ते गुपित नव्हे. ती हाक आहे. ती विश्वासाच्या मोठ्या माणसापर्यंत पोहोचविणे म्हणजेच शब्द पाळणे. पहिल्या मोठ्या माणसाने ऐकले नाही तर दुसऱ्याकडे जावे. कोणीच नसेल तर १०९८ हा मुलांसाठीचा दूरध्वनी क्रमांक आहे, आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६.

मोठ्यांनीही कायदा जाणून घ्यावा. १४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात असलेल्या, पोक्सो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्यानुसार अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे. अशा अत्याचाराची माहिती असून ती पोलिसांस न देणे हा गुन्हा आहे. मात्र माहिती न देणारे स्वतः बालक असेल तर त्याला त्याबद्दल शिक्षा नाही. म्हणजे घराण्याच्या अब्रूसाठी तोंड दाबून धरणारा मोठा माणूस अपराधी ठरतो, भीतीने गप्प बसलेली मैत्रीण नव्हे. कायद्याने जे जाणले ते आपण घरांतही जाणावे. याच कायद्याची दुसरी बाजू मुलांस सांगून ठेवावी: अठरा वर्षांखालील व्यक्तीची शरीरसंबंधास दिलेली संमती कायदा संमती मानीत नाही.

आपण काय करावे?

आमच्या समितीने विश्वस्त मंडळापुढे काही सूचना ठेवल्या आहेत. विद्यार्थीगृहात दोन मुलगे व दोन मुली असे चार सोबती निवडावेत. ते सर्वांत हुशार नसले तरी चालतील; ज्यांच्याजवळ इतर मुले आपण होऊन मन मोकळे करतात असे असावेत. त्यांना डॉक्टर व समुपदेशक यांनी शिकवावे. त्यांचे पहिले काम ऐकणे, दुसरे काम 'मला माहीत नाही, आपण विचारू' असे म्हणणे. दर महिन्यास डॉक्टरांनी त्यांच्याबरोबर तासभर बसावे, म्हणजे कोणाचे ओझे त्यांच्यावर साचत नाही ना, हे कळेल. एक प्रश्नपेटी ठेवावी, तीत नाव न घालता चिठ्ठी टाकता यावी, आणि प्रत्येक चिठ्ठीस उत्तर मिळावे. पालकांसाठी वर्षातून दोन बैठका व्हाव्यात, कारण पाट काढून दिला तरी पाणी अखेर घराकडेच यावयाचे आहे.

मंडळातील काही ज्येष्ठांनी यावर शंका घेतल्या. 'मुलांचे मन नको त्या वयात या विषयाकडे वळेल' असे एका ज्येष्ठांनी सांगितले. त्यांच्याविषयी पूर्ण आदर राखून आमचे उत्तर असे की, मन वळविण्याचे काम निसर्गाने केलेलेच आहे. आपल्या हाती एवढेच आहे की, ते वळलेले मन अंधारात चाचपडणार की उजेडात चालणार.

घरी काय करावे, यासाठी तर कोणत्याही ठरावाची आवश्यकता नाही. मूल प्रश्न विचारील तेव्हा 'कोणी शिकविले?' असे न म्हणता 'बरे झाले विचारलेस' असे म्हणावे. उत्तर येत नसेल तर तसे सांगावे. आपल्या मुलाचे मित्र कोण, हे त्यांना जेवावयास बोलावून जाणून घ्यावे, मुलाचा मोबाईल चोरून पाहून नव्हे. आणि मुलाला एकदा तरी या शब्दांत सांगून ठेवावे की, 'तुझ्यावर किंवा तुझ्या मित्रावर कसलाही प्रसंग आला तर आधी मला सांग. मी आधी ऐकेन; रागवायचे असेल तर नंतर पाहू.'

पन्नास वर्षांत आपल्या न्यासाने पुस्तके दिली, शिष्यवृत्त्या दिल्या, आजाऱ्यांस औषधे दिली. ज्या मुलीने अकरा महिने शपथ पाळली, तिची विद्यार्थीगृहातील चार सोबत्यांत निवड व्हावी, असे आम्ही सुचविले आहे. तिला विचारले तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, 'चालेल. पण मी आधी सगळ्यांना सांगेन की माझ्याकडून शपथ घ्यायची नाही.' हीच अट आमच्या सर्व सोबत्यांसाठी पहिला नियम म्हणून आम्ही लिहून घेतली आहे.